गणित उशिरा धावत आहे

सर्व वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हुबळीच्या विद्यानगरात, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, आज गणित उशिरा धावत आहे. मराठी मात्र वेळेआधीच येऊन स्वयंपाकघरात उभं आहे.

ही घोषणा सुमतीअक्कांची. अक्कांची सगळी नोकरी रेल्वे स्टेशनवर माइकसमोर गेली. कन्नड, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत त्यांनी गाड्या आणल्या आणि वाटेला लावल्या. मग निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि धारवाडला सप्तापुरातल्या घरात त्यांचं ऐकायला भिंती तेवढ्या उरल्या. इकडे नात ईरा शाळेत रोज रडू लागली. लेकीनं तिला घरीच शिकवायचं ठरवलं आणि अक्कांना बोलावून घेतलं. लेक-जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळेचा कारभार अक्कांकडे.

लेकीनं भिंतीवर रंगीत चौकटींचं वेळापत्रक लावलं होतं. अक्कांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे. आता गाड्या मी बघते."

तेव्हापासून जिन्यात आवाज घुमतो, "दयविट्टु गमनिसि! कृपया लक्ष द्या! गणित अर्धा तास उशिरा धावत आहे. कारण, गॅसवाला आलाय." विज्ञान गच्चीमार्गे वळवलं जातं, कारण तिथं पापड वाळत असतात आणि ऊन कुठून कुठं सरकतं ते आयतंच दिसतं. भूगोल भाजीबाजारातून जातो. मी जिन्यात रेंगाळलो की, "प्रवाशांनी रुळावर उभं राहू नये!"

"अहो अक्का," मी एकदा डिवचलं, "तुमचं गणित पोचतं तरी का कधी?"

"पोचतं की! तुमच्यासारखं पेपर घेऊन वेटिंग रूममध्ये बसून राहत नाही."

पोचायचंही खरंच. आमच्याकडे जेवायला आली की ईरा पोळीचे तुकडे करून मला अपूर्णांक विचारायची, आणि माझंच उत्तर चुकायचं.

पण जावई शिरीषराव पडले ऑडिटवाले. रिकामी चौकट दिसली की त्यांना घास उतरत नाही. एके दिवशी ते म्हणाले, "अक्का, सोमवारी मी रजा घेऊन बघणार. कारभार असाच ढिला असेल तर ईराला परत शाळेत घालूया."

ईरा शाळेत गेली म्हणजे अक्का सप्तापुरात. हे सगळ्यांनाच कळलं.

सोमवारी मी पेपर मागायच्या निमित्तानं वर गेलो. असलं नाटक चुकवणारा मी नव्हे! पाहतो तर अक्का इस्त्रीच्या साडीत, मनगटावर घड्याळ, आणि घोषणा एकही नाही. कोपऱ्यात शिरीषराव.

"आजी, मुंग्या साखर नेताहेत, बघ ना!"

"मुंग्या नंतर. गणित."

गणित सुरू झालं. ईरा जीभ बाहेर काढून उदाहरणाशी झटू लागली. तेवढ्यात अक्कांनी घड्याळ बघितलं आणि वही मिटली.

"आजी, थांब ना गं, येतंय उत्तर!"

"वेळ झाली. मराठी."

ईराचा ओठ थरथरला. शाळेच्या फाटकाशी थरथरायचा तसाच. अक्कांनीही तो पाहिला, पण त्या मराठीचं पुस्तक घट्ट धरून बसल्या.

शिरीषराव उठले. पुस्तक हळूच काढून घेतलं आणि वही ईरापुढं परत उघडली.

"सुटू दे तिला ते. मराठी येईल मागाहून."

"पण वेळापत्रक..."

"राहू द्या हो अक्का. रोज करता तसंच करा. शाळेत घालायचं आता नको."

अक्कांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या एकदम बोलून गेल्या, "मग बॅगेत भरलेल्या साड्या परत कपाटात ठेवू का रे मी?"