सरळ केलेले गोळे

बुधाजी तायड्यांना वाकडी वस्तू बघवत नसे. आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना लेथ शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर शिकवायला मुलं उरली नाहीत, तेव्हा ते उरलेल्या जगाला शिकवू लागले. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघत, मग नवरा-नवरीकडे. पोळी जरा लांबट झाली की ती हातात धरून फिरवत. "चव पाहा ना जी, गोलाई काहून पाहून राहिले?" असं शालूताईंना म्हणायचं असे, पण त्यांचं "चव पाहा" एवढंच होई. तेवढ्यात बुधाजी म्हणत, "चव चांगली हाय, गोलाईच नाई." बायकोचं वाक्य अर्ध्यात उचलून आपणच पुरं करायचं, ही त्यांची दुसरी सवय. तीही संसाराइतकीच जुनी होती.

शालूताई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. कबड्डी, खो-खो शिकवता शिकवता चाळिशीत त्यांना लॉन बाउल्सचा नाद लागला. अमरावतीतल्या एका क्रीडा संस्थेच्या मागे बारीक कापलेल्या हिरवळीवर हा खेळ चाले. दूर एक लहान पांढरा चेंडू ठेवायचा, त्याला जॅक म्हणतात, आणि आपला जड गोळा घरंगळत जास्तीत जास्त त्याच्याजवळ न्यायचा. दर हिवाळ्यात अमरावती आणि अकोल्याच्या जोड्यांची लढत होई आणि जिंकणाऱ्याला शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पेटी मिळे. ती पेटी बहुतेक वेळा शालूताईच घरी आणत. बुधाजी संत्री आवडीनं खात. खेळ बघायला मात्र ते एकदाही गेले नाहीत. "मोठ्या मानसायच्या गोट्या," असं म्हणून ते साल सोलू लागत.

गेल्या पावसाळ्यात शालूताईंना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं विहिरीतून बादली ओढावी तसं एकेक शब्दानं वर येऊ लागलं. बुधाजींनी सेवेत काही कमी ठेवलं नाही. न्हाऊमाखू घातलं, भात कालवून भरवला, वेणी घातली, तीही अगदी सरळ. पण त्यांची दुसरी सवय आता मोकाट सुटली. शालूताई "पा..." म्हणाल्या की ते धावत पाणी आणत. त्यांना खरं तर पायलला, म्हणजे मुलीला, फोन लावून हवा असे. त्या निमूट पाणी पीत. त्या दिवसांत शालूताई फार पाणी प्यायल्या.

एका दुपारी बुधाजी बाजारातून आले, तर शालूताई चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, मांडीवर त्यांची निळी पिशवी उघडी, आणि डाव्या हातानं त्या आपल्या चार गोळ्यांमधला एक हळूहळू कुरवाळत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बुधाजी उंबऱ्यातच थांबले. हिला परत खेळवायचं, एवढं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्या माणसाचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. होतं, भरपूर होतं, फक्त ते हत्यारं घेऊन यायचं.

मार्ग दीक्षानं दाखवला. दीक्षा ही शालूताईंची जुनी विद्यार्थिनी आणि जोडीतली खेळाडू. तिनं मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ लावला. ज्यांना वाकता येत नाही किंवा ज्यांची बोटं चालत नाहीत, अशी माणसं हातात एक लांब काठी घेऊन खेळत होती. काठीच्या टोकाला पंजा, पंज्यात गोळा. हात झुलवायचा, मुठीतला खटका दाबायचा, की पंजा उघडून गोळा अलगद गवतावर.

"सर, असं असलं तर मॅडम डाव्या हातानं, बसल्या बसल्या खेळते," दीक्षा म्हणाली. "अकोल्याची म्याच अजून लांब हाय."

"हे कायले मागवा लागते? घरीच बनवतो मी!" बुधाजींनी बाह्या सरसावल्या.

ॲल्युमिनियमचा पाइप, सायकलचा ब्रेक आणि त्याची तार, पंज्याला आतून जुन्या ट्यूबचं रबर. पहिल्या पंज्यानं बटाटा धरला, तो सोडायलाच तयार होईना. दुसऱ्यानं बटाटा असा सोडला की तो थेट छताच्या पंख्याला लागला. त्या आठवड्यात घरात रोज बटाट्याची भाजी झाली, तीही आयत्या ठेचलेल्या बटाट्यांची. पण बुधाजी हटणारे नव्हते. शेवटी काठी अशी साधली की पंज्यातलं अंडंही न फुटता फरशीवर उतरलं.

आता खरा गोळा. बुधाजींनी घरासमोरच्या सिमेंटच्या गल्लीत एक लिंबू ठेवलं, नेम धरला, खटका दाबला. गोळा सरळ निघाला, आणि मग वेग कमी होताच डावीकडे वळत वळत समोरच्या तानुबाईंच्या वाळत घातलेल्या मुगवड्यांत शिरला.

"बुधाजी!" तानुबाई ओरडल्या. "आता या वयात गोट्या खेळून राहिले काय?"

दुसरा गोळा टाकला, तोही वड्यांत. तिसरा आणि चौथाही. बुधाजींनी पाणसळ आणून गल्लीचा उतार पाहिला. गल्ली सपाट. काठी तपासली. काठी सरळ. मग उरला कोण? गोळा! त्यांनी तो डोळ्यासमोर धरून फिरवला, आणि एका बाजूला किंचित जास्त फुगवटा दिसताच त्यांच्या अंगावर काटा आला. वर्षानुवर्षं बायको असल्या झिजलेल्या मालानं खेळत होती, आणि घरात टर्नर असून तिनं कधी सांगितलं नाही!

शालूताई दारातून सगळं बघत होत्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "वाकडा... जा..."

"हाव, वाकडा जाते. दिसून राहिलं मले. तू फिकर नोको करू."

"नाई... तो..."

"तो सरळ होते. माझ्यावर सोड." आणि त्यांनी चारही गोळे पिशवीत भरले.

आता हा खेळ खेळणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं, फक्त बुधाजींना माहीत नव्हतं. लॉन बाउल्सचा गोळा वाकडाच जायला हवा. तो तसाच घडवलेला असतो. रिकाम्या जागेवर नेम धरायचा आणि गोळ्यानं वळसा घेऊन जॅकपाशी यायचं, हीच तर त्या खेळातली सगळी विद्या. कोणता गोळा कुठे वळतो, हे शालूताईंच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांना एवढंच सांगायचं होतं. दोन-चार शब्दांची गोष्ट, पण तेवढा वेळ त्यांना कोणी दिला नाही.

पुढचे दिवस बुधाजी बडनेरा रस्त्यावर योगेशच्या वर्कशॉपमध्ये रमले. योगेश त्यांचाच विद्यार्थी. सरांनी सांगायचं आणि त्यानं लेथ चालवायचा. केसाइतका थर काढायचा, पुन्हा मापायचं, पुन्हा काढायचा. गोळ्यांच्या दोन्ही बाजूंवर कोरलेली खुणेची चक्रं बुधाजींनी मुद्दाम शाबूत ठेवली, वरून पॉलिश मारलं. इकडे दीक्षा शालूताईंना रोज संध्याकाळी हिरवळीवर नेई. स्वतःचे गोळे काठीच्या पंज्यात बसवून देई, आणि शालूताई डाव्या हातानं टाकत. सुरुवातीला कुठेही, मग बऱ्यापैकी, आणि शेवटी शेवटी अगदी जॅकला लागून.

"सर, एक दिवस येजा ना पाह्यले," दीक्षा म्हणाली. "मॅडम काय खेळून राहिल्या!"

"येतो ना. आधी माझं काम होऊ दे," बुधाजी म्हणाले.

सामन्याच्या सकाळी अकोल्याच्या मैदानावर त्यांनी निळी पिशवी शालूताईंच्या मांडीवर ठेवली. गोळे आरशासारखे चमकत होते. शालूताईंच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हसला. चक्रं जागच्या जागी होती, तेव्हा सरळ करायचं सोडून नवऱ्यानं गोळे नुसते पुसून, चकचकीत करून आणले, असंच त्यांना वाटलं. उजव्या हाताला स्पर्श कळत असता, तर गोळा उचलताच त्या ओरडल्या असत्या. पण तो हात मांडीवर गप्प पडून होता.

संत्र्यांची पेटी टेबलावर मांडलेली. दीक्षानं गोळा पंज्यात बसवला. शालूताईंनी जॅककडे बघितलं, मग जॅकपासून चांगल्या दूर, जिथे काहीच नव्हतं तिथे नेम धरला, हात झुलवला आणि खटका दाबला. काठीनं चोख काम केलं. गोळा गवतावर अलगद उतरला आणि निघाला. आता वळेल, मग वळेल, असं म्हणेपर्यंत तो शेजारच्या पट्टीत घुसला आणि तिथल्या रंगात आलेल्या डावातला जॅक उडवून पार झाला.

"अहो बाई, हा आमचा डाव हाय!" तिकडून आरडाओरडा झाला.

शालूताईंचा चेहरा उतरला. हात चुकला असेल, असं वाटून त्यांनी दुसरा गोळा आणखी जपून टाकला. तो सरळ चहावाल्याच्या स्टोव्हवर गेला आणि पातेलं कलंडलं. तिसरा त्यांनी टाकलाच नाही. त्या आपल्या डाव्या हाताकडे बघत बसल्या. हाही गेला, असं त्यांना वाटलं असावं.

पंच होते अकोल्याचे खुशालराव. त्यांनी गोळा उचलला, फिरवला, गवतावर घरंगळवून पाहिला. गोळा शहाण्या मुलासारखा सरळ गेला.

"ह्याले सोललं कोनं?" खुशालरावांनी विचारलं.

बुधाजी छाती काढून पुढे आले. "म्या. चारही वाकडे जात होते. सरळ करून आनले."

मैदानावर कोणी हसलं नाही. खुशालरावांनी गोळा हळूच पिशवीत ठेवला, बुधाजींना बाजूला घेतलं आणि गोळा का वळतो ते समजावून सांगितलं. असे गोळे खेळात चालत नाहीत, त्यामुळे जोडी बाद झाली, हेही सांगितलं. ऐकता ऐकता बुधाजींचे हात खाली लोंबू लागले. जगातली एकच वस्तू वाकडी असणं बरोबर होतं, आणि तीच त्यांनी सरळ केली होती.

परतताना गाडीनं मूर्तिजापूर मागे टाकलं. "मी गाढव हाय, असंच म्हनतं ना तू?" बुधाजींनी शेवटी विचारलं. शालूताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. पुरं करायला बुधाजींकडे अर्धं वाक्यही आलं नाही, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुढे कित्येक दिवस शालूताई पाणीसुद्धा मागत नव्हत्या. मग एका संध्याकाळी बुधाजींनी आपणहून दीक्षाला फोन केला आणि तिचे गोळे घेऊन अमरावतीच्या हिरवळीवर बोलावलं. शालूताईंची खुर्ची त्यांनी पट्टीच्या कडेला लावली, काठी त्यांच्या हातात दिली. शालूताईंनी मान हलवली. त्यांना टाकायचं नव्हतं.

"बरं, मग मी टाकतो," म्हणत बुधाजी वाकले. गुडघ्यानं आवाज केला. त्यांनी जॅकवर सरळ नेम धरला. गोळा वळून भलतीकडे गेला. दुसरा त्यांनी आणखी सरळ टाकला, तोही गेला. तिसऱ्या वेळी ते जवळजवळ गवतावर पालथे झाले, आणि गोळा वळून पार नालीत पडला. तेव्हा मागून एक आवाज आला. शालूताई हसत होत्या. अर्ध्या चेहऱ्यानं, पण खदखदून.

मग त्यांनी काठी उचलून दूर, काहीच नसलेल्या जागी रोखली. "तिकडे..."

"तिकडे म्हनजे..." बुधाजींच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी ओठ आवळून घेतले. ते थांबले. दीक्षा बोलायला गेली, तिलाही हातानं थांबवलं. झाडावरचे कावळे बसून झाले, उडून झाले.

"तिकडे... टाका," शालूताई म्हणाल्या. "तो... आपल्या मनानं... इकडे येते."

बुधाजींचा विश्वास नव्हता, पण त्यांनी तिकडे टाकला. गोळा दूर गेला, मंदावला, आणि घरी परतणाऱ्या गुरासारखा वळत वळत येऊन जॅकला टेकला. बुधाजी मटकन गवतावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतकं सुंदर हाय हे? मले कदी काहून नाई सांगतलं, शालू?"

शालूताई बराच वेळ शब्द गोळा करत राहिल्या.

"तुमी..." त्या म्हणाल्या, "कदी... पाह्यले... आले?"

या वाक्यात त्यांना मदतीची गरज नव्हती. उठावं म्हणून बुधाजींनी जमिनीला हात टेकला, तर गुडघे हलेनात. तेव्हा शालूताईंनी काठी पुढे केली. बुधाजींनी पंजा धरला, खुर्चीचा आधार घेतला आणि कसेबसे उभे राहिले.

"दुसरा," शालूताई म्हणाल्या, आणि काठीनं रिकामी जागा दाखवली.

बुधाजी गोळा घेऊन पुन्हा वाकले.