पहिलं ताट गोदाकाकूंचं

गोदाकाकूंना हॉटेलात जेवायला न्यायचं असेल, तर हॉटेल उघडायच्या आधी दारात हजर राहावं लागतं. आपल्या आधी कुणी ताट घेतलं, तर त्या जेवत नाहीत. तडक बाहेर येतात, रिक्षा करतात आणि पडेगावला घरी परततात. मी हा प्रकार एकदा भोगलाय. कुण्या गृहस्थानं आमच्या आधी सूपची वाटी भरून घेतली आणि आमचा रविवार पाण्यात गेला.

काकू माझ्या शेजारी राहतात. सासर पाचोडकडचं, खंडीभर माणसांचं घर. जेवायला आधी सासरे, मग दीर, मग पोरं, मग गडीमाणसं, मग सासू, मग मोठ्या जावा. काकू धाकटी सून, म्हणजे सगळ्यात शेवटी. "लग्नानंतर मी कढीगोळ्यातले गोळे नुसते बघितले. माझ्या वाट्याला कढी," हे त्या हसतहसत सांगतात, पण ऐकणाऱ्यानं हसलेलं त्यांना चालत नाही.

काका गेले, पोरं पुण्यात. नातेवाईक म्हणाले, आता देवाधर्माचं बघा. काकूंनी हॉटेलं बघायला घेतली. बाईमाणसानं, त्यातून नवरा गेल्यावर, असं हॉटेलात जाऊन बसणं शोभतं का, असं नणंदेनं फोनवर विचारलं. काकू म्हणाल्या, "हक हाय माझा. तूबी ये. तुला माझ्या मागं उभी करते." तेव्हापासून नणंदेचा फोन नाही.

मागच्या महिन्यात जालना रोडवरच्या एका हॉटेलात लेबनानी जेवणाचा बुफे ब्रंच होता. ब्रंच म्हणजे न्याहारी नि जेवण एकदमच, असं मी समजावलं. "मग तर दोन्हीतलं पहिलं एकाच फेरीत. चल," काकू म्हणाल्या आणि ठेवणीतली पैठणी नेसून दारात उभ्या राहिल्या.

पोचलो, तर एक मोठं कुटुंब आमच्याही आधी येऊन बसलेलं. आजोबांची पंच्याहत्तरी होती, डोक्याला फेटा बांधलेला. मॅनेजर अदबीनं म्हणाला, "मॅडम, यांचं बुकिंग आहे. पहिलं ताट आजोबांना देऊ, मग तुम्ही घ्या."

काकूंनी पदर खोचला. त्या सरळ आजोबांपुढं गेल्या.

"पंच्याहत्तरी व्हय? लई चांगलं. एक सांगा, घरात तुमच्या आधी कधी कोण जेवलंय?"

आजोबा विचारात पडले. माणूस प्रामाणिक होता. "नाय बा," ते म्हणाले.

"मग आज मागून खाऊन बघा. काय होत नाय. मी जन्मभर शेवटी खाल्लं, जित्ती हाय."

त्यांचा मुलगा तावातावानं पुढं आला. "अहो मावशी, आम्ही बुकिंग केलंय."

"केलं असंल. मी हितनं हलत नाय."

तेवढ्यात आजोबांची बायको उठली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं खुर्ची मागं सारली, एक प्लेट उचलली आणि काकूंच्या मागं जाऊन उभी राहिली. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यांची सून आली. मीही घुसले. मॅनेजरनं मुकाट्यानं झाकणं उघडली. आजोबा सगळ्यांच्या मागून आले आणि निवांत जेवले, उगीच का खोटं सांगू.

काकूंनी एकेक पदार्थ तपासला. हमस म्हणजे "हरभऱ्याचं पिठलं, फोडणी विसरलेत." बाबा गनूश म्हणजे "भरीत. भाजलंय बेस, पण मिरचीला सुतक दिसतंय." ताबुले नावाची बारीक चिरलेल्या पाल्याची कोशिंबीर बघून म्हणाल्या, "शेळीचा हक मारला यांनी." पण टाकलं काहीच नाही. फुगलेली पिटा रोटी त्यांनी फाडली, वाफ बाहेर आली, तशी ती हमसात बुडवून डोळे मिटून खाल्ली.

मी सहज बोलून गेले, "काकू, पहिलं घ्यायला एवढी भांडणं कशाला? घरी तर आता रोज पहिलं ताट तुमचंच."

काकूंनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"मागं कुणी नसल्यावर ते पहिलं कसं गं? घरी एकच ताट असतंय. पहिलंबी तेच नि शेवटचंबी तेच. मग मी ओट्यापाशी उभ्यानंच खाते. कधी नायबी खात."

मला भरून आलं, आणि रागही आला. आमची भिंतीला भिंत, आणि पलीकडं ही बाई उभ्यानं जेवते. राग कुणाचा, ते मात्र मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिकामं ताट घेऊन त्यांच्या दारात गेले.

"काय गं, रिकामंच आणलंस?"

"आज स्वयंपाक केला नाही काकू. जेवायलाच आलेय. आधी तुमचं होऊ द्या."

काकूंनी तव्यावरची भाकरी आपल्या ताटात घेतली, पाट मांडला आणि मांडी घालून बसल्या.

"थांब मग तिथंच," त्या म्हणाल्या. "माझं झालं की तुझी टाकते."

पोटात कावळे ओरडत होते, तरी मी ताट धरून उभी राहिले. काकू अगदी सावकाश जेवल्या.