गॅरीचा मग

"नाव काय तुमचं?" असं बेव्हने विचारलं तेव्हा हायब्रिड टॉलेफसनच्या तोंडात पॅनकेकचा घास होता. तो त्याने गरजेपेक्षा बराच वेळ चावला.

नोरा लेक गावात एकच कॅफे होता, बेव्हचा. आर्लीनला, म्हणजे बायकोला जाऊन सहा-सात महिने झाले होते आणि हायब्रिड तिथे पहिल्यांदाच आला होता. हा प्रश्न येणार याची त्याला कल्पना होती. येताना गाडीत त्याने उत्तरही घोकून ठेवलं होतं: टॉम. लहानसं, कुणाच्या डोळ्यावर न येणारं नाव. पण सत्तरी गाठलेल्या माणसाला स्वतःचं खोटं नाव आयत्या वेळी आठवत नाही. बेव्हच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने मग टांगलेले होते आणि प्रत्येकावर रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव होतं. हायब्रिडची नजर सगळ्यात जवळच्या मगावर गेली.

"गॅरी," तो म्हणाला.

तव्यावरचं बेकन तेवढं बोलत राहिलं. खिडकीपाशी दोन म्हातारे फासे खेळत होते, त्यांच्यातल्या एकाने फासे मुठीतच धरून ठेवले.

"गॅरी स्टेनरूडला आम्ही मागच्याच महिन्यात पोचवलं," बेव्ह म्हणाली. तिने भिंतीवरचा मग काढला, आत डोकावून पाहिलं आणि त्यात कॉफी ओतली. "धुतलेला आहे. उगाच लटकवून काय करायचाय?"

मिनेसोटात चांगली वस्तू टाकून देत नाहीत. हायब्रिडने मेलेल्या माणसाच्या मगातून पहिला घोट घेतला. कॉफी चांगली होती.

आता हे 'हायब्रिड' कुठून आलं ते सांगायला हवं. त्याचा बाप सेल्मर याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला मका पिकवायचा. हायब्रिडच्या जन्माच्या साली तिथल्या एका बियाणं कंपनीने जाहीर केलं, की जो शेतकरी यंदा होणाऱ्या पोराचं नाव 'हायब्रिड' ठेवील त्याला अख्ख्या शेताला पुरेल इतकं बियाणं फुकट. तालुकाभर लोक पोट धरून हसले. सेल्मर हसला नाही. तो बियाणं आणायला ट्रक घेऊन गेला. पोराची आई तेव्हा दवाखान्यात गुंगीत होती. पाद्री म्हणाला, "सेल्मर, हे नाव बायबलात कुठेच नाही." सेल्मर म्हणाला, "बटाटाही नाहीये. रविवारी आमच्याकडे जेवताना कधी बोलला नाहीत."

जुलैत गारा पडल्या आणि मका झोपला. पुढे तीन वर्षांत कंपनीही झोपली. उगवून आलं ते फक्त नाव. मधलं नाव वापरून वेळ मारून न्यावी, तर त्या जागी बापाने कृतज्ञतेपोटी कंपनीच्या मालकाचं आडनाव घातलेलं.

त्या नावाचं ओझं हायब्रिडने शाळेत वाहिलं, सैन्यात वाहिलं. हजेरी घेताना सार्जंटने ते वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं आणि मैदानाला फेऱ्या मात्र हायब्रिडला मारायला लावल्या. पुढे टेलिफोनच्या तारा दुरुस्त करण्याची नोकरी त्याने धरली, ती बरीचशी यासाठीच, की खांबावर चढलेल्या माणसाला कुणी नाव विचारत नाही.

एकटी आर्लीन हसली नव्हती. चर्चच्या नाचात ओळख झाली तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "मक्यातलं का?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि वर्षभरात तिने त्याच्याशी लग्न केलं. नावाचं तिने कधी हाय केलं नाही, हॅरी केलं नाही. संसारभर रोज सकाळी जिन्याखालून पूर्ण नावाने एकच हाक यायची, "हायब्रिड, कॉफी गार होतेय!"

निवृत्तीनंतर तळ्याकाठी राहायचं हा बेतही तिचाच होता. घर घेतलं, निम्मी खोकी उघडली आणि पहिल्याच शरदात ती गेली. उरलेली खोकी हायब्रिडने उघडली नाहीत. त्यांच्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ती फाडायची कशी?

त्यानंतर त्याला नावाने हाक मारणारं जगात एकच कुणी उरलं: औषधाच्या दुकानाचं फोन करणारं यंत्र. महिन्यातून एकदा त्यातली बाई म्हणायची, "नमस्कार, हायब्रिड. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तयार आहेत. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा."

हायब्रिड एक दाबत असे.

तेव्हा गॅरीचा मग मिळाला ही काही वाईट गोष्ट नव्हती. मगाबरोबर गॅरीची खुर्चीही आली, दारापाशी वारा लागणारी. खिडकीशी बसणारे दोघं म्हणजे ऑर्व्हिल आणि ड्वेन. ऑर्व्हिलचं पूर्वी ट्रॅक्टरचं दुकान होतं. ड्वेन शाळेची बस चालवायचा. कॉफी कुणाच्या अंगावर, हे ते रोज फाशांवर ठरवायचे, आणि तिसरा भिडू गेल्यापासून खेळ रंगत नव्हता.

"गॅरी, ये इकडे," ऑर्व्हिल तिसऱ्या दिवशी म्हणाला. "तुला हरता येतं ना?"

"येतं."

"मग बस. आधीच्या गॅरीला येत नव्हतं."

महिनाभरात ड्वेनने त्याला खुंट्या पाडायच्या बोलिंगच्या संघात घेतलं. पाठीवर 'गॅरी' असं भरतकाम केलेला शर्ट आणून दिला. तो दोन माणसं मावतील एवढा होता. हिवाळ्यात तळं गोठलं तशी, बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या झोपडीतली गॅरीची बसायची बादली त्याच्या बुडाखाली आली. त्याआधी शरदात चर्चच्या तळघरात लुटफिस्कची पंगत झाली. क्षारात भिजवून थलथलीत केलेला हा मासा इथले नॉर्वेजियन लोक वर्षातून एकदा, पूर्वजांवर सूड घ्यावा तसे खातात. त्यावर पातळ लोणी वाढायचा मान वर्षानुवर्षं गॅरीचा. गॅरीची बायको फिलिस स्वतः एप्रन घेऊन आली.

"थोडा सैल होईल तुम्हाला," ती त्याच्या कमरेकडे बघत म्हणाली. "पण धुतलेला आहे."

फक्त एका बाबतीत गॅरी महागात पडला. बेव्ह दर शनिवारी कॅरमलचे रोल करायची, वर भरपूर अक्रोड. त्यांचा वास तळ्यापर्यंत यायचा. पहिल्या शनिवारी हायब्रिडने हात पुढे केला तसं बेव्हने ताट मागे ओढलं.

"मेल्या, तुला नाही! अक्रोड खाल्ला की गॅरीचा घसा सुजायचा."

"पण मला..."

"या मगातून पिणाऱ्याला मी अक्रोड देत नाही. मला सुखाने झोप लागली पाहिजे."

आणि तिने त्याला कोरडा टोस्ट दिला. हायब्रिडने तो मुकाट्याने खाल्ला. पुढे दर शनिवारी हेच. बिल देताना गल्ल्याजवळच्या, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या एका मगातून तो सवयीने टूथपिक उचलायचा आणि दातात न अडकलेला अक्रोड कोरत बाहेर पडायचा.

धास्ती होती ती पोस्टाची. नोरा लेकात टपाल घरी येत नाही, आणायला जावं लागतं. पोस्टमास्तरीण लव्हॉन. हायब्रिडच्या नावाचा प्रत्येक लिफाफा तिच्या हातातून जायचा. ती मात्र त्याची पत्रं न चुकता उपडी करून द्यायची. बाई अदबशीर आहे, असं हायब्रिडला वाटायचं. दहाच्या सुमाराला ती ॲपल-पाय खायला कॅफेत आली की याचे फासे हातातून सांडायचे. पण ती पापणीही न हलवता म्हणायची, "काय गॅरी, थंडी आहे ना आज?" सरकारी नोकर गुप्ततेची शपथ घेत असावेत, असा त्याने निष्कर्ष काढला होता.

कित्येकदा त्याने खरं सांगायचं ठरवलं. पण कशी सुरुवात करायची? मी गॅरी नाही म्हणावं, तर मगाचं काय, खुर्चीचं काय, लोण्याचं काय? हे सगळं गॅरीचं होतं. हायब्रिडच्या मालकीची फक्त न उघडलेली खोकी होती. खरं बोलला असता तर घरी बसून त्यांच्याकडे बघत राहायचं, एवढंच काम उरलं असतं.

फेब्रुवारीत पोस्टाच्या पायरीवर तो घसरला. मनगट मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. डोकंही पायरीला थोडं लागलं. लव्हॉनने काउंटरवरून फोन केला आणि काही मिनिटांत गावाची रुग्णवाहिका आली. गावात तरणी माणसं उरली नसल्यामुळे तिच्यावरचे स्वयंसेवक म्हणजे ऑर्व्हिल आणि ड्वेनच होते.

ऑर्व्हिलने गुडघे कुरकुरवत खाली बसून त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. कॅफेतला ऑर्व्हिल वेगळा आणि प्रशिक्षण घेतलेला ऑर्व्हिल वेगळा. "हालू नकोस. आता मी विचारतो त्याची उत्तरं दे. डोक्याला मार लागला की विचारावं लागतं. आज वार कोणता?"

"मंगळवार."

"तू कुठे आहेस?"

"पोस्टाच्या दारात. बर्फावर. माझी विजार भिजतेय, ऑर्व्हिल."

"छान. तुझं नाव काय?"

हायब्रिडने आभाळाकडे पाहिलं. आता हायब्रिड म्हणावं, तर हे म्हणणार, गेलं याचं डोकं. त्याने विचार केला आणि मित्रांना काळजी वाटू नये म्हणून ठामपणे सांगितलं, "गॅरी."

ऑर्व्हिलचा चेहरा पडला. त्याने ड्वेनकडे पाहिलं.

"नीट आठव बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "घाई नाही. तुझं नाव?"

"गॅरी! अरे, ओळखत नाहीस का मला?"

"ड्वेन, स्ट्रेचर काढ," ऑर्व्हिल म्हणाला. "डोक्याला जबर लागलंय. स्वतःचं नाव आठवत नाहीये त्याला."

पायरीवर उभ्या लव्हॉनने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! बिचारा हायब्रिड!"

बर्फावर पडल्या पडल्या हायब्रिडला मनगटाचा विसर पडला.

जिल्ह्याच्या इस्पितळाचा रस्ता लांबचा होता, आणि ड्वेन रुग्णवाहिकाही बससारखीच चालवायचा. रेल्वेचे रूळ आले तिथे, शाळेची बस थांबवावीच लागते तशी, त्याने सवयीने गाडी थांबवली, दार उघडून दोन्ही बाजूंना कान दिला, मग दार लावून गाडी पुढे काढली. आत बर्फाळ वारा शिरला.

"कधीपासून माहीत होतं?" हायब्रिडने विचारलं.

ऑर्व्हिल पट्टी बांधत होता. "आठवलं का नाव?"

"मी विसरलोच कुठे होतो! कधीपासून?"

"तू कॅफेत आलास, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. लव्हॉनने सांगितलं. गावात वर्षभर नवं काही आलं नव्हतं, तिला गप्प बसवेना."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"तू बोलला नाहीस," ऑर्व्हिल म्हणाला. "माणूस स्वतः होऊन सांगत नाही, तर आपण कशाला नाक खुपसायचं? असेल काही कारण. ड्वेनला वाटलं, तू पोलिसांपासून लपलायस."

"बँक लुटली असशील असं मी म्हणालो होतो," पुढून ड्वेन म्हणाला. "पण तुझे फासे टाकणं बघितलं आणि तो विचार सोडला."

"अरे, पण फिलिसने मला त्याचा एप्रन दिला!"

"लोणी कुणीतरी वाढायला हवंच होतं ना?"

हायब्रिडला थोडी लाज वाटत होती आणि थोडा रागही आला होता. अख्ख्या गावाने सभ्यपणे त्याला इतके महिने कोरडा टोस्ट खायला घातला होता.

शनिवारी हात गळ्यात अडकवून तो कॅफेत गेला. दारातच त्याला दिसलं, की गॅरीचा मग परत खिळ्यावर गेला आहे. म्हणजे संपलं सगळं. मग गेला, आता खुर्चीही जाईल. ऑर्व्हिल आणि ड्वेनने मान वर केली. तो दारापाशीच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

बेव्हने गल्ल्याजवळचा टूथपिकचा मग उचलला, टूथपिका काउंटरवर ओतल्या, मग विसळला आणि त्याच्यापुढे ठेवला. भिंतीकडे असलेली बाजू आता समोर आली. तिच्यावर निळ्या अक्षरात, भट्टीत पक्कं केलेलं नाव होतं: हायब्रिड.

"हा कधी केलास?"

"लव्हॉनने सांगितलं त्याच आठवड्यात. म्हटलं, दुसऱ्याच्या मगातून किती दिवस पिणार हा? पण तू काही बोलेनास. मग मी कसा देणार? आणि पैसे मोजून केलेली वस्तू नुसती ठेवायची का? म्हणून त्यात टूथपिका घातल्या." तिने बोट रोखलं. "रोज हात घालत होतास त्यात. एकदा फिरवून बघावं असं वाटलं नाही मेल्याला."

मग तिने ताट पुढे सरकवलं. कॅरमलचा रोल, वर अक्रोड. "आता खा. तू गॅरी नाहीस."

ऑर्व्हिलने पायाने खुर्ची बाहेर सरकवली. तीच, दाराजवळची, वारा लागणारी. हायब्रिड बसला. त्याने फासे डाव्या हाताने टाकले आणि हरला. तो खिडकीतून गोठलेल्या तळ्याकडे बघत राहिला. तळ्यापलीकडे घर होतं, घरात खोकी होती.

"हायब्रिड," बेव्ह तव्यापाशी पाठमोरीच ओरडली, "कॉफी गार होतेय!"

पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून त्याने ऐकू न आल्यासारखं केलं आणि तळ्याकडेच बघत राहिला. बेव्हने पुन्हा हाक मारली.