आखाडाची ऑफर आणि गंगाराम आजो

"मुंबईत सण म्हणजे ऑफर गो!" हरिश्चंद्र बायकोला ठासून सांगत होता. "ईदेक बिर्याणी, नाताळाक केक! बारा वर्सां तिकडच्या हॉटेलात मी ह्यांच बघलंय. आपलो आखाड काय कमी आसा?"

किशोरी रिकामी टेबलं पुसत राहिली. उड्डाणपूल झाल्यापासून कणकवलीतल्या गाड्या डोक्यावरून गोव्याला पळायच्या आणि खाली ह्यांच्या खानावळीत माश्या जेवायच्या. श्रावणाआधी धंदा सावरला नाही, तर खानावळीला कुलूप. मग नवरा परत मुंबईत, परक्याची भांडी उचलायला, आणि ती इथे एकटी. तसं ठरलंच होतं.

तर आषाढातल्या शेवटच्या रविवारी गावठी कोंबड्याची सागोती आणि वडे, एका ताटावर एक ताट फुकट! गावातल्या भावकीच्या सत्तरही घरांनी नावं दिली. हरिश्चंद्र नुसता हवेत!

बुधवारी बातमी आली, गंगाराम आजोने अन्न सोडलं. वय चौऱ्याण्णव, भावकीतला सगळ्यात थोरला माणूस. हरिश्चंद्रने बोटांवर दिवस मोजले. आजो गेला की सत्तर घरांना सुतक! तेरा दिवस सागोतीचं नाव काढायचं नाही, आणि सुतक फिटेपर्यंत श्रावण बसलेला.

"आयतवारापर्यंत म्हातारो जगाक व्हयो!" म्हणत त्याने गाव गाठलं. डॉक्टर आणला, तळपायांना तेल चोळलं, चमच्याने पेज भरवली. रोज सकाळी हजर! आजोची सून, तुळसाकाकी, पदर डोळ्याला लावून म्हणाली, "सख्खे नातू फोन करनत नाय रे हरी, आणि तू बघ!"

हरिश्चंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आजो पेज पिऊन झाली की त्याचं बोट धरून झोपायचा आणि सोडायचाच नाही. बोट सोडवून घ्यावं असं त्यालाही वाटेना.

पण भावकीचे डोळे काय कमी? ऐन धंद्याच्या आठवड्यात हरी खानावळ टाकून उशाशी बसलाय, म्हणजे आजोचं काही खरं नाही! शनिवारी भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी नुसते हात जोडले. रविवारी सकाळी फोन सुरू.

"हरी, आमची ताटां नको हां. म्हातारो जाताहा, आणि आमी सागोती खावची?"

"अरे, बरो आसा तो! काल दोन वाट्यो पेज जेवलो!"

"तू धीर सोडू नको हां, हरी."

बोला आता! कोंबडे कापून झालेले, वडे तळून झालेले आणि खानावळीत चिटपाखरू नाही. सगळी गिऱ्हाइकं आजोच्या अंगणात ताडपत्रीखाली जमलेली! एकाने तर बांबूही तोडून आणलेला. हरिश्चंद्रने टोप भाड्याच्या टेम्पोत चढवले, किशोरीला पुढे बसवलं आणि भर पावसात सुटला.

पडवीत टोप उतरले. झाकण जरा सरकलं आणि आतून आवाज आला.

"हरी, वास कसलो येता रे?"

"सागोतीचो, आज्यानू!"

"मगे वाढ माका!"

आजो चक्क उठून भिंतीला टेकून बसला! अंगणात हशा पिकला. बांबूवाल्याने बांबू गुपचूप माडाखाली ढकलला. पत्रावळी मांडल्या, सागोती वाढली. मात्र थोरला खाऊन 'जेवा' म्हणेपर्यंत कुणी घास तोंडात घालायचा नाही. आजोने एक वडा खाल्ला, मग दुसरा. रस्सा भुरकला. सत्तर घरांचे घास हातात तयार! हरिश्चंद्रने किशोरीकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनी ती हसली.

आजोने मान मागे टेकली.

"मीठ कमी आसा," तो म्हणाला, आणि गेला.

तुळसाकाकीने हंबरडा फोडला. उचललेले घास तसेच पत्रावळीत परतले, आणि माणसं उठून पागोळ्यांखाली हात धुऊ लागली. बांबू परत बाहेर आला. हरिश्चंद्र आजोचं बोट धरून ओक्साबोक्शी रडला. "सख्ख्या नातवान केला नसता इतक्या केल्यान," लोक म्हणत होते. आपण आजोसाठी रडतोय की खानावळीसाठी, ते त्याचं त्यालाच कळेना.

सगळे पुढच्या तयारीला लागले. किशोरी भरल्या टोपाशी येऊन हळूच म्हणाली, "खरांच मीठ कमी होता?"

त्याने टोपात बघितलं. आता चाखून बघायचीही सोय नव्हती. सुतक त्यालाही होतंच की!