वाईतोआ गावातली गाऊटबंदी

सवाई बेटावरच्या आमच्या वाईतोआ गावात गाऊट हा रोग नव्हता. लंगडणारे पुष्कळ होते, पण ते सगळे रग्बीत जखमी झालेले होते. ही जखम साधारण चाळिशीनंतर पायाच्या अंगठ्यात उपटायची, अंगठा मिरचीसारखा लाल व्हायचा, आणि त्यावरून नुसती चादर सरकली तरी धिप्पाड माणूस आईला हाका मारायचा. आमच्या पाद्रीबुवांनाही ही जखम होती. त्यांनी आयुष्यात कधी चेंडू हातात धरला नव्हता. पण सामने त्यांनी मन लावून बघितले होते, आणि भाविक माणसाला तेवढंही बाधतं, असं गावाचं मत होतं.

गाऊट म्हणजे खादाड आणि आळशी माणसाला होणारा संधिवात, असं आम्ही मानत होतो. त्यामुळे तो शेजारच्या गावात होता.

ही व्यवस्था बस चालवणाऱ्या एसेरामुळे बिघडली. एसेरा हा सरळ, कष्टाळू माणूस. लाकडी बाकांची, निळ्या-पिवळ्या रंगाची आमची बस तो रोज सकाळी सालेलोलोगाच्या बाजाराला न्यायचा. बस भरली की उरलेले लोक बसलेल्यांच्या मांडीवर बसतात, आणि मग कोण कुणाच्या मांडीवर होतं यावर आठवडाभर बोलणं चालतं. बस आमच्या थोर कुळप्रमुखांची, म्हणजे तुइसाउलेआंची. एसेराची बायको आणि मुलं त्या बसवर जगत होती.

काही महिने एसेरा ब्रेक दाबताना मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागला. लोकांना वाटलं, माणूस श्रद्धाळू झाला. वळणावर तर तो इतका कळवळून धावा करी, की मागच्या बाकावरच्या बायकांचे डोळे भरून येत. मग एके सकाळी पाद्रीबुवांच्या फाटकापाशी त्यानं देवाचं नाव घेतलं, पण पाय काही ब्रेकवर टेकवला नाही. बस जास्वंदीचं कुंपण तोडून डुकरांच्या खुराड्यात जाऊन थांबली. माणसं वाचली. पुआलेले नावाची आजी मात्र एकाच्या मांडीवरून उडून भलत्याच्याच मांडीवर पोचली आणि तिथून उठायला तयार होईना.

दवाखान्यातून नर्स लागिमाइना धावत आली. तिनं एसेराची चप्पल काढली.

"रग्बी," एसेरा घाईघाईनं म्हणाला.

"कधी खेळलास?"

"लहानपणी."

"अंगठ्यानं?" लागिमाइनानं विचारलं. "एसेरा, गाऊट आहे हा. रक्तात युरिक आम्ल वाढतं, त्याचे सुईसारखे खडे होतात आणि सांध्यात जाऊन बसतात. वडिलांना होता का?"

"सिस्टर, हळू बोला. लोक ऐकतायत."

लोक ऐकतच होते. बसमधून उतरून ऐकत होते.

"यात लाजायचं काय आहे? आपल्या बेटांवरच्या लोकांच्या रक्तातच हे जास्त असतं. खाणं नुसती काडी लावतं, लाकडं आत आधीच रचलेली असतात. ती हलवायला गोळी असते. रोज एक घ्यायची, आणि बरं वाटलं तरी सोडायची नाही. महिन्या-दोन महिन्यांत चालवशील बस."

"गोळी द्या मग."

"संपल्यात," लागिमाइना म्हणाली. "मागवते."

तुइसाउलेआंनी बसची किल्ली काढून घेतली. पाय बरा होईपर्यंत बस उभी राहील, असं ते म्हणाले. लागिमाइनानं राजधानीतल्या 'सांधे-कल्याण प्रकल्पा'ला गोळ्यांसाठी निरोप पाठवला. हा प्रकल्प नुकताच निघाला होता आणि त्याला रुग्ण हवे होते. निरोप मिळाल्याबरोबर बोटीवर गाडी चढवून प्रकल्पाचे संचालक मासेलिनो स्वतः आले. गाडीत पोस्टरं होती, टी-शर्ट होते आणि पुठ्ठ्याचा एक पाय होता. तो माणसापेक्षा उंच होता. अंगठ्यात दिवा होता.

"गोळ्या?" लागिमाइनानं गाडीत डोकावून विचारलं.

"बाई, गोळ्या आमच्या उद्दिष्टात बसत नाहीत. आमचं उद्दिष्ट जागृती हे आहे."

"तो जागाच आहे हो. दुखण्यामुळे त्याला झोप कुठे लागतेय?"

मासेलिनो समजूतदारपणे हसले आणि त्यांनी तिला टी-शर्ट दिला.

पाहुणे आले म्हणजे मेजवानी आली. त्यात आमचा इलाज नव्हता. डुकरं भाजली, खेकडे उकडले, खारवलेल्या गोमांसाचे म्हणजे पिसुपोचे मोठे डबे फोडले. हे सगळं पुढ्यात ठेवून मासेलिनोंनी यातलं काय काय खाऊ नये ते समजावून सांगितलं. प्रत्येक पदार्थ ते उचलून दाखवत, आणि दाखवलेला पदार्थ परत ठेवणं आमच्याकडे असभ्य समजतात. शेवटी ते म्हणाले, "जे गाव कायदा करून हे बंद करील आणि रुग्णसंख्या शून्यावर आणील, त्याला 'सांधेस्नेही गाव' हा सन्मान मिळेल. पितळी पाटी मिळेल."

पाटी शेजारच्या गावाला जाण्याची शक्यता आमच्या सर्वांच्या एकदमच लक्षात आली.

दुसऱ्याच दिवशी कुळप्रमुखांची सभा बसली. मीही त्यात बसतो, वक्ता म्हणून. म्हणजे थोरांनी जे ठरवलेलं असतं ते मी सुंदर भाषेत मांडतो. ठराव असा झाला: घरात पिसुपो, डब्यातली मासळी, बिअर आणि गोड सोडा ठेवणं हा गुन्हा. शिक्षा गावाच्या परंपरेप्रमाणे. म्हणजे डब्यातल्या मासळीचा एक खोका. गुन्हा पुन्हा घडल्यास डुक्कर.

लागिमाइना सभेच्या घराबाहेर गवतावर बसली होती. आमच्या सभेच्या घराला भिंती नाहीत, त्यामुळे बाहेर बसलेला माणूस आतच असतो.

"माफ करा, पण मासळी खाल्ली म्हणून मासळीचाच दंड?" ती म्हणाली. "तारोचे कंद घ्या ना. नीरफणस घ्या."

तुइसाउलेआंना तिची कीव आली. "पोरी, तारो तर ताटात रोजच असतो. त्याचा दंड कुणाला वाटणार? दंड असा हवा, की घेणाऱ्यालाही घेतल्यासारखं वाटलं पाहिजे."

"आणि गोळ्यांचं काय?"

"कायदा झालाय ना आता," ते म्हणाले.

अंमलबजावणी महिला समितीकडे गेली. समितीच्या अध्यक्षा फुआतिनोबाई पांढरा सदरा घालून घरोघर जात, भांड्यांचा वास घेत आणि उशा उचलून बघत. पहिल्याच आठवड्यात अर्धा गाव दोषी ठरला. दंडाचे खोके सभेच्या घरात येऊ लागले. दंड आला, की तो तिथल्या तिथे कुळप्रमुखांत वाटायचा आणि संपवायचा, ही आमची फार जुनी रीत. कायद्यानं 'घरात' ठेवायला बंदी होती. सभेचं घर हे कुणाचंच घर नाही, हा मुद्दा मी मांडला आणि तो सर्वांना पटला. पूर्वी आम्हांला सणासुदीला मिळायचा तो डबा आता रोज मिळू लागला. गावात मासळी उरली नाही. सगळी न्यायदानात लागली.

एक अडचण मात्र आली. सभेत मांडी घालून बसावं लागतं. पाय पसरणं हा सभेचा अपमान. अगदीच नाइलाज असेल तर पसरलेल्या पायांवर चटई टाकतात. पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्या प्रमुखानं चटई मागवली. पुढच्या महिन्यात खांबाला टेकलेल्या सगळ्यांच्याच पायांवर चटया होत्या. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. वाढपी मुलं चटयांना धक्का लागू नये म्हणून बाहेरून वळसा घालून येत.

इकडे एसेरा बसविना घरी बसला होता. उकडलेली पपई आणि तारो एवढ्यावर तो राहिला होता. त्याची बायको, तिचं नाव मेले, बाजाराला चालत जायची आणि डोक्यावर ओझं घेऊन चालत यायची. शेवटी लागिमाइनानं ऑकलंडच्या आपल्या मावसबहिणीकडून गोळ्या मागवल्या. एसेराचं रक्त तपासून तिनं थोड्या मात्रेनं सुरुवात केली. "एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "खडे विरघळायला लागले की सुरुवातीला पाय उलट जास्त ठणकेल, सुजेल. घाबरून सोडू नकोस."

तो सुजला. त्याच दिवशी फुआतिनोबाई वास घ्यायला आल्या. घरात डबा सापडला नाही, पण पाय सापडला.

खटला दुसऱ्या दिवशी चालला. एसेराला दोघांनी धरून आणलं.

"काय खाल्लंस?" तुइसाउलेआंनी विचारलं.

"पपई, साहेब."

"पपईनं पाय सुजतो?"

"माझ्या बापाचाही सुजायचा."

"बापानं काय खाल्लं होतं?"

"साहेब, बाप मरून किती वर्षं झाली!"

"म्हणजे त्यानं खाऊन ठेवलं आणि दंड न भरताच गेला," तुइसाउलेआ म्हणाले.

सभेत पसंतीची कुजबुज झाली. मुद्दा नवा होता. वडिलांचा खोका आणि मुलाचं डुक्कर, असा एकत्रित दंड ठरला. वारस या नात्यानं दोन्ही एसेरानं द्यायचं होतं. मेलेनं आपली पाळलेली डुकरीण दोरीला धरून स्वतः आणून दिली. ती आमच्याकडे बघत नव्हती. डुकरीणही बघत नव्हती. त्याच दुपारी आम्ही ती वाटून खाल्ली. मांस चांगलं शिजलं होतं.

सुजलेला पाय हाच पुरावा ठरल्यामुळे आता दवाखान्यात कुणी फिरकेना. लोक दुपारच्या उन्हातही बूट घालू लागले. रुग्णसंख्या शून्यावर आली. एसेराचा अपवाद मोजला गेला नाही, कारण त्याचा पाय आरोग्याच्या सदरात मोडत नव्हता, गुन्ह्याच्या सदरात मोडत होता.

एका रविवारी, गाव जेवून आडवा झालेला असताना, तुइसाउलेआ मागच्या दारानं दवाखान्यात गेले. हे लागिमाइनानं मला नंतर सांगितलं. मी गेलो तेव्हा.

"एक गोळी दे. घरी पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी," ते म्हणाले.

"एकीनं काही होत नाही. रोज लागते, आणि माझ्याकडे एकट्या एसेरापुरत्या आहेत. आणखी हव्या असतील तर सभेत उभं राहून सांगा, गावात गाऊट आहे म्हणून. मग मला मागवता येतील."

"उभं राहता आलं असतं," तुइसाउलेआ दाराची चौकट धरून म्हणाले, "तर इथे आलो असतो का?"

सन्मानाच्या दिवशी मासेलिनो पितळी पाटी आणि छायाचित्रकार घेऊन आले. सभेच्या घरात प्रत्येक खांबाला एक प्रमुख टेकलेला आणि प्रत्येकाच्या पायांवर चटई. त्या शिस्तीनं मासेलिनो भारावले. मी सुंदर भाषेत स्वागत केलं, बसूनच. मग त्यांनी पाटी उचलली आणि जाहीर केलं, "गावाच्या वतीनं कुणीतरी पुढे यावं."

कुणी आलं नाही.

"संकोच करू नका!"

आम्ही समोरच्या नारळाच्या झाडांकडे बघत राहिलो. तुइसाउलेआंनी एकदा हात टेकून बघितला, त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यांनी तो हात आशीर्वादासारखा वर केला. शेवटी बाहेरच्या गवतावरून एसेरा उठला. गेले कित्येक आठवडे त्यानं गोळी चुकवली नव्हती. अनवाणी पायांनी तो ताठ चालत आत आला, चटयांच्या मधून गेला आणि त्यानं पाटी घेतली. मेले बाहेर उभी राहून रडत होती आणि हसत होती.

"याला होता का गाऊट?" मासेलिनोंनी हळूच विचारलं.

"होता," लागिमाइना मोठ्यानं म्हणाली. "आता रोज गोळी घेतो."

"मला डबा सोडून कितीतरी दिवस झाले होते, तरी पाय सुजत होता साहेब," एसेरा म्हणाला. "गोळीनंच—"

"डबा सोडला!" मासेलिनो छायाचित्रकाराकडे वळून ओरडले. "हे घ्या! पायासकट घ्या!"

महिन्याभरात बेटावरच्या प्रत्येक दुकानात एसेराचं पोस्टर लागलं: 'डबा सुटला, पाय सुटला.' गोळीचं काय झालं, असं लागिमाइनानं फोन करून विचारलं. मासेलिनो म्हणाले, गोळी ओळीत बसत नव्हती. पण ते दुष्ट नव्हते. तिनं पुन्हा मागणी केली तेव्हा त्यांनी नियम समजावून सांगितला: ज्या गावात रुग्ण नाहीत त्या गावाला औषध देता येत नाही, मात्र सन्मानप्राप्त गावाला प्रोत्साहनपर भेट देता येते. गोळ्यांचे खोके आले. त्यांवर 'अभिनंदन' असं छापलेलं होतं. आता आम्ही सभेतले सगळे अधूनमधून रक्त तपासून घेतो आणि रोज एकेक अभिनंदन पाण्याबरोबर गिळतो. चटया कमी झाल्या आहेत. गाऊट आमच्या गावात अजूनही नाही. कायदा मात्र आहे, आणि पोस्टर बघून आणखी दहाबारा गावांनी तो केला आहे. दंड अर्थातच परंपरेप्रमाणे.

एसेराला बस परत मिळाली. डुकरीण मिळाली नाही, आणि मेले अजून सभेच्या घरासमोरून जाताना पलीकडे तोंड करून जाते. पोस्टरमुळे एसेराला सगळे ओळखतात. चढणारा प्रत्येक जण आधी त्याच्या पायाकडे बघतो, मग बसायला मांडी शोधतो.

मागच्या आठवड्यात एक परदेशी पाहुणे होते. शिकलेले, सज्जन, नीटनेटके गृहस्थ. मी त्यांच्याच मांडीवर होतो, म्हणून ही सगळी हकिगत त्यांना वाटेत सांगितली. ते पोट धरून हसले. रक्तातला दोष, रोजची गोळी, लोकांचा अडाणीपणा, सगळं त्यांना पटलं. दंडाच्या मासळीवर तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाजार आला, ते उतरले, दोन पावलं गेले आणि परत फिरून चालकाच्या खिडकीपाशी आले.

"गोळी घेताय ते उत्तमच," एसेराच्या पायाकडे बघत ते आपुलकीनं म्हणाले. "पण तरीही, टोमॅटो तेवढे टाळत जा हं."

तुम्हीही आता साधारण हेच म्हणणार होतात. फक्त तुमचा पदार्थ वेगळा असेल.