गृहस्वामी संघाचे कलम तिसरे

१९६२ साली कानडी मुलखातल्या जयनगरच्या नव्या वसाहतीत घरे उभी राहिली, पण रस्त्यावर दिवे नव्हते. दिवे मागायला संघ हवा आणि संघ म्हटला की आधी घटना हवी, असे भगवंतरावांचे मत पडले. चार मराठी माणसे असलेल्या गल्लीत याला विरोध होणे शक्यच नव्हते. सरकारी कारखान्यात भगवंतरावांचे आयुष्य साहेबाच्या खुर्चीसमोर उभे राहण्यात गेले होते. एकदा तरी आपण खुर्चीत बसावे आणि इतरांनी उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आडवा येत होता देवाप्पा. हा बेळगावकडचा गृहस्थ प्लॉट वाटणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून होता आणि कोपऱ्यावरच्या घरात भाड्याने राहत असे. वसाहतीत नळ आला तो त्याच्या खटपटीने, त्यामुळे अध्यक्ष म्हणून सगळ्यांच्या तोंडी त्याचेच नाव होते. म्हणून भगवंतरावांनी घटनेत कलम तिसरे घातले : ‘जागेचा मालक असेल तोच पदाधिकारी होईल, तोच सभेत बोलेल व तोच दुरुस्ती सुचवील.’

“पण नळ देवाप्पांनी आणला ना?” अहल्याबाईंनी नवऱ्याला विचारले.

“पाणी वेगळं, तत्त्व वेगळं. भाडेकरू म्हणजे आज आहे, उद्या नाही.”

स्वतः भगवंतराव परवापरवापर्यंत मल्लेश्वरमला भाड्याने राहत होते, पण ते तत्त्वात बसत नव्हते.

उद्घाटनाला देवाप्पाच्याच कचेरीतले मोठे साहेब आले. देवाप्पाने सतरंजी घातली आणि मागे जाऊन बसला. भगवंतरावांनी कलम तिसरे खणखणीत आवाजात वाचले.

“छान! मग तुमच्यात मालक कोण?” साहेबांनी विचारले.

देवाप्पा सोडून सगळ्यांनी हात वर केले.

“जागा तर दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिल्यात. नीट वागलात तर पुढे विक्रीखत होईल. तोवर तुम्ही आमचे...” साहेब शब्द शोधू लागले.

“भाडेकरू की वो, साहेब,” मागून देवाप्पाने मदत केली.

पट्ट्याचा कागद भगवंतरावांनी वाचला होता. पण सत्यनारायण घातला की घर आपले होते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सभेत शांतता पसरली, कारण बोलण्याचा अधिकार कोणालाच उरला नव्हता.

साहेब नियमाला पक्के. “मालक एकटी आमची कचेरी. कचेरीला खुर्चीत बसता येत नाही, तेव्हा तिचा प्रतिनिधी बसेल. देवाप्पा, या पुढे.”

देवाप्पा खुर्चीत बसला. भगवंतरावांना फार वाईट वाटले. दुरुस्ती सुचवण्यासाठी ते उठून उभे राहिले.

“कलम तिसरं, राव. तुमचंच की वो,” देवाप्पा हळहळत म्हणाला. “स्वल्प थांबा. दहा वर्षं.”

दुसऱ्याच दिवशी भगवंतरावांनी भाडेकरू संघाची घटना लिहिली. परक्याच्या जागेत राहणाराच पदाधिकारी, असे तिचे पहिले कलम होते. सभेला सगळ्यांत आधी, सतरंजी घेऊन, देवाप्पा आला. तो तर भाडेकरूचा भाडेकरू, म्हणजे दुहेरी, त्यामुळे एकमताने निवडून आला.

दिवे यथावकाश लागले, तेही त्यानेच आणले. भगवंतराव त्या उजेडात अजून घटना लिहीत बसतात, आणि तुम्ही त्यांना हसता. हसा, जरूर हसा. फक्त तुमच्या सोसायटीत भाडेकरूला गच्चीची किल्ली देतात का, तेवढे आधी सांगा.