हटवादी मुखपृष्ठावरील मोहिमेची हकीकत

समस्त वाचकांनी सावध चित्ते परिसावे. वऱ्हाड प्रांती, अकोला शहरी, जठारपेठेत मैत्री परिचय मंडळ नामे संस्थान आहे. बौद्ध समाजातील लग्नाळू मुलामुलींचे मेळावे भरविणे हे त्याचे काम. त्याच्या वेबसाइटवर जो दारुण प्रसंग गुदरला तो घडला तैसा लिहितो. पदरचा तिखटमसाला फार थोडा.

रविवारचा मेळावा जठारपेठेच्या सभागृही नेमिला होता, आणि शुक्रवारी त्या सभागृहाच्या छताचे प्लास्टर कोसळले, मग अध्यक्ष श्रावणराव यांनी बडनेऱ्याचे सभागृह काबीज केले आणि चिटणीस भावनाबाईंस फर्माविले जे, मुखपृष्ठी तात्काळ बडनेरा लिहावे. बाईंनी नवे मुखपृष्ठ रचिले, बटण दाबिले, प्रकाशित जाहल्याचा कौल आला, आणि साइट उघडून पाहतात तो काय! जठारपेठ जैसीच्या तैसी, आणि वरती माजी अध्यक्ष रामरावदादांचा सुटाबुटातील फोटो हसतो आहे.

बाईंस भलताच घोर लागला. कारण त्या स्वतः उपवर. गेल्या मेळाव्यात अकोटचे अश्विन मास्तर यांशी एक कप चहा निवेपर्यंत बोलणे जाहले होते, आणि तो कप बाईंच्या मनात अद्याप विसळला गेला नव्हता. मुखपृष्ठ न हटल्यास मास्तर जठारपेठेच्या बंद दारी उभे राहणार! व्हाट्सॲपचे निरोप गेले, ते फॉरवर्ड समजून कोणी मानीना. मग शनिवारी सकाळी बाईंनी धीर करून अकोटास फोन लाविला, तो नेमका मास्तरांच्या मातोश्री वच्छलाबाईंनी उचलिला.

"वेबसाइटवर तं जठारपेठ हाये. तू कोन वं फसवनारी?" ऐसे बोलून त्यांनी फोन आपटिला.

बाई रडकुंडीस आल्या. मग अमरावतीहून संगणकवीर नागसेनराव यांची कुमक मागविली. ते शनिवारी दुपारी डेरेदाखल जाहले आणि मोर्चे बांधिले. पान पुन्हा पुन्हा ताजे केले, ब्राउझरची जुनी साठवण लुटून फस्त केली, गुप्त खिडकीतून छापा घातला, आणि राउटरची वायर उपटून पुन्हा खोविली. परंतु दादा हसतच राहिले. श्रावणरावांनी मोबाइल बंद करून चालू केला आणि आपणही लढलो ऐसे समजून समोसा खाल्ला.

शेवटी नागसेनरावांनी सेटिंगच्या तळघरात उतरून पाहिले, तो भेद फुटला. माजी अध्यक्षांचे पान पुसणे म्हणजे त्यांचा मान पुसणे, ऐसा मंडळाचा रिवाज. म्हणून ते तैसेच ठेवून शेजारी नवे मांडावे. परंतु मुखपृष्ठ म्हणून कोणते पान दाखवावे या जागी दादांच्याच पानाचे नाव कायम होते! नवे पान बिचारे मागल्या दारी प्रकाशित होऊन बसले होते. ऐसे अजब शहाणपण दुसऱ्या मुलखात मिळणार नाही.

आता एक बटण दाबायचे, पण दाबील कोण? श्रावणराव घाम पुसून वदले, "दादाचं तोंड दारावरून आपन कसं काढावं बाप्पा? मले नाई जमनार."

मग तिघेही दबकत दादांच्या घरी गेले, जयभीम घातला, आणि श्रावणरावांनी चाचरत अर्ज गुजारिला. दादा गंभीर जाहले. इतक्यात त्यांचे कुटुंब सुंदराबाई आतून कडाडल्या, "काढा ना थो फोटो! लग्नाच्या साइटवर पयलं याहिचंच तोंड. लोक याहिलेच पोरी सांगून राहिले! काल एका बाईनं मलेच इचारलं, मुलगा काय करते म्हनून!"

दादांनी तात्काळ हुकूम केला जे, बदला. नागसेनरावांनी तेथेच मोबाइलवर बटण दाबिले, आणि बडनेरा लखलखीत झळकले. अहाहा! श्रावणरावांनी स्वतःच टाळ्या वाजविल्या.

तोच भावनाबाईंचा फोन वाजला. अकोटहून वच्छलाबाई! "पोरी, आता बडनेरा दिसून राहिलं. सकाळी तुले लयच बोलली मी. अश्विन म्हनते, मंडळाची चिटणीस खोटं बोलत नाई. उद्या येतो आमी. तू रायशीन ना वं तेथं?"

"राहीन ना," बाई वदल्या.

येणेप्रमाणे मुखपृष्ठ सर जाहले. रिवाजाप्रमाणे दादांचे पान 'आमचे माजी अध्यक्ष' या किताबाने आतील दालनी सन्मानपूर्वक बसविले. लेखकाचा मानस येथे अकोटही फत्ते जाहले ऐसे लिहावे, परंतु चिटणिसांनी लाल होऊन ताकीद दिली जे, तूर्त मुखपृष्ठ बदलले एवढेच लिहावे. सबब तेवढेच लिहिले असे.